चीतपट की गुणांवर?

मराठवाड्यातल्या जत्रेत कुस्त्यांचे मैदान भरते तेव्हा भोवती बसलेल्या माणसांना एकच गोष्ट हवी असते: कुस्ती निकाली व्हावी. एकाची पाठ मातीला टेकावी, दुसऱ्याने हात उंचावावेत आणि हलगीचा ठेका एकदम वाढावा. हिंगोलीच्या दसऱ्यातली दंगल असो, की शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेतली, प्रेक्षक गुणफलक बघायला येत नाही. तिथे गुणफलक नसतोच. पडला तो हरला, वर बसला तो जिंकला. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीनंतर लोक नाराज होऊन उठतात, आणि जोड लावणाऱ्या पंचमंडळींनाच बोल लावतात.

याच मैदानातला पैलवान पुढच्या महिन्यात जिल्हा निवड चाचणीत गादीवर उतरतो, आणि तिथे सगळे बदलते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, ताबा मिळवला की दोन गुण, प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकलले की एक गुण. पाठ कुणाचीच लागली नाही तरी 3-2 असा विजय पूर्ण विजय असतो. प्रमाणपत्रावर 'विजयी' एवढेच लिहिले जाते. कुस्ती रंगली की रटाळ झाली याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

जिंकणे मोठे की लढण्याची रीत मोठी, हा प्रश्न जगभर मुष्टियुद्धाच्या संदर्भात सर्वाधिक विचारला जातो. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा या भागात मात्र तो मातीतच विचारायला हवा. इथल्या मुलांचा अंगमस्तीचा पहिला खेळ कुस्ती आहे, आणि वर सांगितलेल्या दोन्ही जगांत त्यांना एकाच वेळी जगावे लागते.

आधी जत्रेचा हिशेब. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्या-खोबऱ्यावर किंवा चार पैशांवर लागतात, शेवटच्या कुस्तीला मोठे इनाम असते. कुस्ती निकाली झाली तर इनाम एकाचे. बरोबरीत सुटली तर ते बहुधा वाटून दिले जाते. वरवर पाहता ही पद्धत धडाडीला उत्तेजन देणारी वाटते. प्रत्यक्षात तिच्यात एक मोठी फट आहे. नावाजलेल्या मल्लाशी जोड लागलेल्या दुय्यम पैलवानाला जिंकण्याची गरजच उरत नाही. अर्धा तास खडाखडी केली, हात अडकवून ठेवले, खाली बसून पोट जमिनीला चिकटवले, तरी अर्धे इनाम पदरात पडते आणि 'अमक्याशी बरोबरी केली' हे नाव गावोगाव होते. म्हणजे गुण नसले की खेळ आपोआप थरारक होतो, हा समज खरा नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला 10 सप्टेंबर 1910 चा आहे. लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोरासमोर आले. वेळेची मर्यादा नव्हती, गुण नव्हते, पाठ टेकवणे एवढाच निकाल होता. सुरुवातीलाच गामाने झिबिस्कोला खाली घेतले, आणि तो पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा वर, झिबिस्को खाली. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुन्हा लावलेल्या कुस्तीला झिबिस्को आलाच नाही. अठरा वर्षांनी, 1928 मध्ये पतियाळात दोघे परत भेटले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. दोघांच्या अंगात काय होते ते पतियाळात दिसले, लंडनमध्ये मात्र ते नियमांच्या फटीत अडकून पडले होते.

दुसरी फट याहून वाईट. प्रेक्षकांना रंगत हवी, आयोजकाला गर्दी हवी, मग दोघा पैलवानांत आधीच ठरवून डावांची लयलूट करायची आणि शेवटी एकाने पडायचे. ही नुरा कुस्ती गावाला पहिल्या वेळी कळत नाही, दुसऱ्या वेळी कळते, आणि तिसऱ्या वर्षी लोक मैदानाकडे फिरकत नाहीत. जिंकण्याची ओढ काढून घेतली की शैली उरत नाही, नुसते कसब दाखवणे उरते. शैलीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे.

मग निकाली कुस्तीची एवढी ओढ का? कारण ती ज्यांनी दाखवली ते मल्ल या भागाने डोळ्यांनी पाहिले आहेत. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेले, 1969 चे महाराष्ट्र केसरी, 1972 चे रुस्तम-ए-हिंद. 1977 मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सत्पालला हरवले, आणि ती कुस्ती मराठी कुस्तीशौकिनांच्या तीन पिढ्या सांगत आल्या आहेत. सत्पाल त्या काळात देशातला सर्वांत दरारा असलेला मल्ल होता. अशा मल्लासमोर बचाव करून बरोबरी घेणे सहज क्षम्य ठरले असते. बिराजदार जिंकायला उतरले म्हणून ती कुस्ती लक्षात राहिली. पुढे पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी पोरे घडवली. 2011 मध्ये त्यांचे निधन झाले. मराठवाड्यातल्या पैलवानाला पश्चिम महाराष्ट्राच्या तालमीत मान मिळतो, यामागे बिराजदारांची कमाई मोठी आहे.

त्यांच्याही आधी खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा ठेंगणा, चपळ मल्ल 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेला. गादीची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नसताना तो सहावा आला. त्यानंतर चार वर्षे त्याने त्या नियमांची तयारी केली, आणि 1952 मध्ये हेलसिंकीत 57 किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशीशी झालेली त्याची कुस्ती गुणांवर गेली आणि तो हरला. इशीला सुवर्ण मिळाले. खाशाबाच्या बाबतीत कुणीही कधी विचारले नाही की तो जिंकण्यासाठी लढला की रंगतीसाठी. त्याचा वेग हेच त्याचे जिंकण्याचे हत्यार होते. दोन ऑलिंपिकमधला फरक अंगातल्या ताकदीपेक्षा नियमांच्या ओळखीचा अधिक होता, हे मात्र आजच्या वस्तादांनी मनावर घेण्यासारखे आहे.

आता अलीकडचा काळ. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा 1961 मध्ये औरंगाबादला सुरू झाली, म्हणजे तिचे मूळ मराठवाड्याच्याच भूमीत आहे. माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात. जानेवारी 2020 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके अंतिम फेरीत आले. दोघेही वस्ताद काका पवारांच्या तालमीतले. एकमेकांचा प्रत्येक डाव पाठ असलेले दोन मल्ल समोर आले की काय होणार? निकाल लागला 3-2. कुणाची पाठ लागली नाही. कुस्तीनंतर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले आणि प्रेक्षकांनी दोघांचाही जयजयकार केला. एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला 5-4 असे हरवले. पिछाडीवरून घेतलेला हा विजय शेवटच्या क्षणापर्यंत श्वास रोखायला लावणारा होता. गुणांची कुस्ती म्हणजे कंटाळवाणी, असे म्हणणाऱ्याने ती कुस्ती पुन्हा पाहावी.

याउलट जानेवारी 2023 मध्ये पुण्यातच शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला मिनिटभराच्या आत चीतपट केले. नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला सिकंदर शेखने त्याच राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. प्रेक्षकांना हवे ते मिळाले. तरीही त्या जानेवारीतल्या स्पर्धेची आठवण निघते ती अंतिम कुस्तीमुळे नव्हे. माती विभागात गायकवाड आणि शेख भिडले, बाहेरची टांग या डावावर गायकवाडला चार गुण मिळाले, आणि शेखचे चाहते खवळले. मल्ल धोक्याच्या स्थितीत गेला होता की नव्हता, यावर बराच वाद चालला, पंचाला धमक्यांना तोंड द्यावे लागले. सिकंदर हा प्रेक्षकांचा लाडका, बेधडक लढणारा मल्ल. लोकांना त्याच्या रीतीचे प्रेम होते आणि निकाल दुसऱ्याच्या बाजूने गेला होता. रीत आणि निकाल यांतली दरी इतक्या उघडपणे राज्याने क्वचितच पाहिली असेल.

चीतपट म्हणजे वादाच्या पलीकडचा निकाल, ही समजूत फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला मोडली. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध राक्षेची पाठ टेकली असा निर्णय पंचांनी दिला. राक्षेने तो मान्य केला नाही आणि प्रकरण पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेले. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने निर्णयावर चिडून मैदान सोडले. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. दोघेही तरुण, दोघेही राज्यातले अव्वल मल्ल. पंचांवर हात किंवा पाय उचलणे कशानेही समर्थनीय नाही, पण खांदे टेकले की नाही हे ठरवणाऱ्या क्षणाचे चित्रण सर्वांसमोर पुन्हा दाखवता आले असते तर वाद तिथेच विझला असता, असे अनेक जाणकारांना वाटते आणि ते पटण्यासारखे आहे.

इथे मुष्टियुद्धाकडे वळायला हवे, कारण या खेळाने निकालाच्या नियमांची चूक दोन्ही दिशांनी करून पाहिली आहे. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत कोरियाच्या पार्क सी-हूनला अक्षरशः झोडपले. दूरचित्रवाणीच्या मोजणीत जोन्सचे 86 ठोसे लागले, पार्कचे 32. पंचांनी 3-2 ने पार्कला विजयी केले. एवढी बदनामी झाल्यावर उपाय म्हणून 1992 पासून ऑलिंपिकमध्ये संगणकी गुणमोजणी आली. पाचपैकी तीन पंचांनी सेकंदाच्या आत बटण दाबले तरच ठोसा मोजायचा. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की पोटावरचे ठोसे, जवळून केलेला सलग मारा यांची नोंदच होईना. मुष्टियोद्धे लांबून एखादा स्वच्छ ठोसा मारून पळू लागले, आघाडी मिळाली की हात बांधून घेऊ लागले. खेळाची रीतच बदलली, आणि ती कुणाच्या भित्रेपणामुळे बदलली नव्हती. 2013 मध्ये ही पद्धत सोडून व्यावसायिक मुष्टियुद्धातली दहा गुणांची पद्धत आणली गेली. तिथेही वाद संपले नाहीत. रिओ 2016 नंतर तिथे काम केलेल्या सर्व 36 पंचांना बाजूला ठेवावे लागले.

व्यावसायिक रिंगणात पैसा प्रेक्षक देतो, म्हणून तिथे शैलीचे वजन अधिक असायला हवे. तसे ते आहेही. क्यूबाच्या गिलेर्मो रिगोंडोने दोन ऑलिंपिक सुवर्णे जिंकली, एप्रिल 2013 मध्ये न्यूयॉर्कला त्या काळातल्या सर्वांत गाजलेल्या नोनिटो डोनेरला हरवले, आणि त्यानंतर मोठ्या लढतींसाठी त्याला बोलावणी येईनाशी झाली. त्याचा बचाव अभेद्य होता आणि प्रवर्तकांना तो नको होता. दुसऱ्या टोकाला आर्तुरो गाती. तो नऊ लढती हरला. 2002-03 मध्ये मिकी वॉर्डशी त्याच्या तीन लढती झाल्या. पहिली तो हरला, उरलेल्या दोन जिंकला, आणि त्या तिन्ही आजही मुष्टियुद्धाच्या चाहत्यांना तोंडपाठ आहेत. 2005 मध्ये याच गातीला फ्लॉइड मेवेदरने इतके निष्प्रभ केले की सहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्याने लढत थांबवली. तो मेवेदर पुढे 50 पैकी 50 लढती जिंकून निवृत्त झाला. मे 2015 मधली त्याची पॅकियाओविरुद्धची लढत सुमारे 46 लाख ग्राहकांनी पैसे भरून पाहिली आणि बहुतेकांना ती कंटाळवाणी वाटली.

गाती मोठा की मेवेदर, याचे उत्तर भावनेने द्यायचे तर सोपे आहे. पण दोघांचे पैसे, दोघांची शरीरे आणि दोघांच्या कारकिर्दी समोर ठेवून एखाद्या बापाला विचारले की तुझ्या मुलाने कुणासारखे लढावे, तर तो मेवेदरचे नाव घेईल. डोक्यावर मार खाऊन मिळवलेल्या टाळ्यांची किंमत मुष्टियोद्धा चाळिशीनंतर मोजतो. कुस्तीत मेंदूला एवढा धोका नाही, पण मान, गुडघा, खांदा यांची किंमत तिथेही द्यावी लागते.

हिंगोलीच्या मुलासाठी हा प्रश्न आणखी थेट आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि ते मिळते स्पर्धेतल्या स्थानावर. हिंगोलीतच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे या जिल्ह्यात रोज दिसतात. त्यांच्यातल्या पैलवानाला पदक म्हणजे घरासाठी पगार. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, ते जिंकले म्हणून. कोरडवाहू शेतीवर, सोयाबीन आणि हळदीच्या भावावर ज्याचे घर चालते त्या पोराला 'हरलास तरी चालेल, पण रंगतदार खेळ' असे सांगण्याचा अधिकार प्रेक्षकाला नाही. खुराकाचा खर्च प्रेक्षक देत नाही.

मग रंगतीचे काय? तिची जबाबदारी कुणाची? याचे स्पष्ट उत्तर जागतिक कुस्तीने 2013 मध्ये दिले आहे. त्याआधीच्या आठ वर्षांत नियम असे होते की दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या स्वतंत्र मोजायच्या. फेरी 0-0 राहिली की पिशवीतून रंगीत चेंडू काढून एकाला पायाची पकड द्यायची. साहजिकच मल्ल दोन मिनिटे काहीही न करता चेंडूची वाट पाहत. 12 फेब्रुवारी 2013 रोजी ऑलिंपिक समितीच्या कार्यकारिणीने कुस्तीला 2020 च्या ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस केली. हजारो वर्षांचा खेळ बाहेर पडायला निघाला. मे महिन्यात मॉस्कोत जागतिक महासंघाने नवा अध्यक्ष निवडला, नियम बदलले: दोन फेऱ्यांचे गुण एकत्र धरायचे, ताब्याला एकाऐवजी दोन गुण, टाळाटाळ करणाऱ्यावर तीस सेकंदांचे घड्याळ. तेवढ्या वेळात त्याने गुण मिळवला नाही तर समोरच्याला गुण. सप्टेंबरमध्ये ब्युनोस आयर्सला कुस्ती परत आली.

मल्ल तेच होते. त्यांना कुणी शौर्याचे धडे दिले नव्हते. आक्रमण केल्याशिवाय जिंकता येणार नाही अशी मांडणी झाली आणि ते आक्रमण करू लागले. त्याचे सुंदर फळ मराठवाड्यालाच मिळाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, बिराजदारांच्याच हाताखाली घडलेला राहुल आवारे 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटाची अंतिम कुस्ती कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीविरुद्ध 15-7 अशी जिंकला. एका कुस्तीत 22 गुण! पाठ कुणाची लागली नाही, आणि तरी क्षणभर उसंत नव्हती. पुढच्या वर्षी त्याने जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. तोही पोलीस उपअधीक्षक झाला.

मुष्टियुद्धही आता या परिसराला परके राहिलेले नाही. नांदेड ओलांडले की निजामाबाद. तिथली निखत झरीन 2022 मध्ये इस्तंबूलला 5-0 अशा एकमुखी निर्णयाने जगज्जेती झाली आणि 2023 मध्ये दिल्लीत पुन्हा. विदर्भाच्या बाजूला बुलडाणा जिल्ह्यातल्या अनंता चोपडेने अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून सुरुवात करून 2019 मध्ये इंडोनेशियात प्रेसिडेंट्स कपचे सुवर्ण मिळवले. हिंगोलीच्या मुलांना दोन्ही बाजूंनी ही उदाहरणे जवळ आहेत, आणि दोन्हीकडे पदकानेच दार उघडले.

म्हणून या प्रश्नाचा निवाडा असा करावा लागतो की लढणाऱ्याने जिंकण्यासाठीच लढावे, आणि जिंकण्याचा मार्ग धडाडीतून जाईल अशी व्यवस्था मैदान भरवणाऱ्यांनी करावी. जत्रेच्या मैदानात हे अजिबात अवघड नाही. कुस्तीची वेळ आधी जाहीर करावी. वेळ संपल्यावर बरोबरी न देता ठरावीक मिनिटे गुणांवर खेळवून निकाल लावावा. जो मल्ल टाळाटाळ करतो त्याला एकदा ताकीद द्यावी आणि दुसऱ्या वेळी इनामातला वाटा कापावा. प्रशिक्षित पंच बोलवावेत, आणि शेवटच्या चार-पाच कुस्त्यांचे चित्रण दोन बाजूंनी करावे; आज प्रत्येक गावात ते करणारी पोरे आहेत. जोड लावताना नावापेक्षा वजन आणि तयारी पाहावी, कारण विजोड जोडीतूनच सर्वाधिक रटाळ कुस्त्या होतात.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढ्याच्या यात्रा समित्यांनी येत्या हंगामाच्या हँडबिलावर इनामाच्या रकमेशेजारी कुस्तीची वेळ, बरोबरीचा नियम आणि पंचांची नावे छापावीत. छपाईचा खर्च तेवढाच येतो.